टेबलाचं पोट

टेबल तयार झालं की मी त्याच्यावर चढून उभी राहते. चपला काढायच्या, ओढणी कमरेला गुंडाळायची आणि थेट मधोमध. गिऱ्हाईक समोर असलं तर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. बोर्डीच्या एका बंगलेवाल्या बाईंनी तर माझा हातच धरला होता, म्हणाल्या, "अहो, पडाल." मी म्हटलं, "पडले तर टेबल तुम्हाला फुकट." आजवर एकही टेबल फुकट गेलेलं नाही. आणि मी काही हलकी बाई नाही, हेही सांगून ठेवते.

मी सुताराची मुलगी आहे आणि स्वतः सुतार आहे. लोक पहिलं ऐकून मान हलवतात आणि दुसरं ऐकून हसतात. हसू देत. २०१४ साली वडिलांचे हात थरथरायला लागले आणि डहाणूहून चारोटीला जाणाऱ्या रस्त्यालगतचा आमचा कारखाना मी चालवायला घेतला. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, कामाचं एक लांब बाक, भिंतीला ओळीनं लावलेल्या करवती, रंधे, पटाश्या, आणि दाराशी वडिलांची खुर्ची. पहिले सहा महिने येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मिस्त्री कुठं गेले?" मी रंधा न थांबवता म्हणायचे, "बोला, मिस्त्री ऐकतेय." एकजण म्हणाला, "तसं नाही, मापं द्यायची होती." मी म्हटलं, "मग द्या की. का ती पण पुरुषालाच द्यायची असतात?" वडील खुर्चीत बसून मिशीत हसायचे. मला वाटायचं तेवढं त्यांना आवडत नसावं, कारण घरी गेल्यावर म्हणायचे, "हाताला धार आहे तुझ्या, जिभेला जरा कमी लाव."

आमच्याकडे टेबलं खिळ्याशिवाय होतात. एका लाकडाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडाला तेवढंच भोक पाडायचं, एकात एक बसवायचं आणि आरपार बांबूची मेख ठोकायची. कुसू असा पाहिजे की हातानं दाबून जात नाही आणि लाकडी मोगरीच्या तीन ठोक्यांत जातो. चौथा लागला तर घट्ट झाला, दोनातच गेला तर सैल. सैल झालेला तुकडा वडील उचलून सरळ जळणात टाकायचे, मग त्यावर माझी अख्खी सकाळ गेलेली असली तरी. इथून गुजरात हाकेच्या अंतरावर, निम्मा बाजार गुजरातीत बोलतो, आणि त्या बाजाराचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'चालसे'. चालेल, होऊन जाईल, कोण बघतंय. वडिलांनी हा एक शब्द कारखान्यात बंद केला होता. चहा कमी गोड झाला तरी 'चालसे' म्हणायची चोरी.

फक्त एका जागी ते स्वतःच 'चालसे' करायचे आणि त्यांच्या मागोमाग मीही. टेबलाच्या पोटाशी. पोट म्हणजे फळीची खालची बाजू. वरून आम्ही इतका रंधा मारायचो की त्यात ट्यूबलाइट दिसावी, पण पोटाला करवतीच्या दातांच्या रेघा तशाच राहायच्या. लहानपणी मी विचारलं होतं तर म्हणाले, "पोट कोण बघतं? झुरळं. आणि झुरळ काही गिऱ्हाईक घेऊन येत नाही." मला ते पटलं होतं. वडील २०१६ चा पावसाळा संपता संपता गेले. खुर्ची मी तिथंच ठेवली आणि पोटाचा नियमही तसाच ठेवला.

कारखान्यात मी आणि आणखी एकच बाई. ती तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या एका पाड्यावरून यायची, रोज सकाळी खच्चून भरलेल्या जीपमधून. घासकाम आणि पॉलिश तिच्याकडे. काचपेपर हातात घेतला की तासन्‌तास बोलायची नाही, आणि मग फळीवर नुसतं बोट फिरवून सांगायची, "ताई, इथं अजून उठलंय." मी वाद घालायचे. मग चष्मा लावून बघायचे, तर उठलेलं असायचंच. तिच्या बोटांइतकं मी दुसऱ्या कुणाला मानलेलं नाही. तिच्या डब्यातली नागलीची भाकरी आणि माझ्या डब्यातली पोळी आम्ही चार वर्षं अदलाबदल करून खाल्ली, पण मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. तिनं बोलावलं नव्हतं असं नाही. मला सवड नसते, असं मी म्हणायचे.

२०१८ ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. पहिल्यांदा वाटलं, रस्त्यावरून मोठा ट्रेलर गेला. भिंतीवरच्या पटाश्या एकमेकींवर वाजल्या आणि गप्प झाल्या. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा, कधी एका दिवसात दोन धक्के. आमच्याकडे त्यातल्या त्यात कमी, पण तलासरीच्या बाजूला, तिच्या पाड्याकडे, घरांना भेगा गेल्या. लोक ऐन थंडीत अंगणात झोपायला लागले, तंबू आले, शाळा झाडाखाली भरायला लागल्या. माहिती द्यायला माणसं आली आणि सांगून गेली की धक्का आला की बाहेर पळा, पळता आलं नाही तर मजबूत टेबलाखाली बसा.

हे तिनं मला दुपारी जेवताना सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. "आख्ख्या पाड्यात टेबल एकच," ती म्हणाली. "शाळेतलं. त्याच्याखाली मास्तर बसंल का पोरं?" हसता हसता ती एकदम थांबली आणि भाकरीचे तुकडे करत राहिली. मी म्हटलं, "बोल, काय ते."

तिची सासू खाटेवर होती. दोन वर्षांपूर्वी पडून कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून उठणं नाही. धक्के सुरू झाले तेव्हा मुलानं तिला खाटेसकट तंबूत नेलं, तर दवानं छाती भरली, आठ दिवस ताप उतरेना. मग म्हातारीनं सांगून टाकलं की मरायचं ते माझ्या छपराखाली मरीन, आता मला कुणी हलवायचं नाही. दिवसा नवरा उंबरगावला कंपनीत, ही माझ्याकडे, मुलं शाळेत. म्हातारी एकटी, वर जुने वासे आणि कौलं. "मी इथं घासते ना ताई," ती म्हणाली, "तेव्हा सगळं ध्यान पायाखाली असतं. इथं एवढं हललं तर तिथं केवढं हललं असंल."

"मग टेबल काय कामाचं?" मी विचारलं. "म्हातारी उतरून खाली बसणार आहे का?"

"ती नाय उतरणार. टेबल खाटेवर घाला."

मी घास परत डब्यात ठेवला. जन्म गेला माझा टेबलं करण्यात. टेबलाखाली खुर्ची सरकवतात हे मला माहीत होतं, अख्खी खाट सरकवायची हे काही मला सुचलं नसतं. "करते," मी म्हटलं. "असं करते की घर पडलं तरी ते उभं राहील." ती पगारातून कापायचं काहीतरी बोलायला लागली, तेव्हा मी तिला चांगली झापली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

माप तिनं दोरीवर आणलं. एक गाठ खाटेच्या लांबीची, एक रुंदीची, आणि तिसरी म्हातारी उशीला टेकून बसते तेव्हा तिच्या डोक्याच्या उंचीची. तिसऱ्या गाठीला तिनं लाल चिंधी बांधली होती, ती चुकून कमी धरली जाऊ नये म्हणून. लाकूड माझ्याकडे होतं. एका जुन्या भातगिरणीच्या सागाच्या तुळया, बोर्डीच्या त्याच बाईंच्या जेवणाच्या टेबलासाठी मी जपून ठेवल्या होत्या. त्यांना फोन करून सांगितलं की तुमचं टेबल लांबलं. त्या वैतागून गुजरातीत म्हणाल्या, "पण क्यारे थसे?" मी म्हटलं, "थसे त्यारे थसे," होईल तेव्हा होईल, आणि फोन ठेवला.

एरवी माझं नाव बारीक पायांसाठी. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे उभं कसं राहतं, तरच मजा. या वेळी पाय माझ्या दंडाएवढे जाड ठेवले. तीन बाजूंनी खाली आडव्या पट्ट्या घातल्या आणि एक लांब बाजू मोकळी ठेवली, खाट आत सरकवायला. मला ते काम आवडत होतं, हे कबूल करते. दिसायला ते टेबल हत्तीच्या पिल्लासारखं होत चाललं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. ती समोर बसून फळी घासायची. मी म्हटलं, "अगं, म्हातारीच्या टेबलाला एवढं कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही बारीक पाय सोडले, मी घासणं कशाला सोडू?"

शेवटचा पाय राहिला होता, डोक्याकडचा उजवा. त्याचं भोक पाडताना पटाशी आत कशावर तरी टणकन वाजली. जुन्या तुळईत गिरणीच्या काळातला लोखंडी खिळा होता, वरून काही दिसत नव्हतं. पटाशी उडाली आणि भोकाची कड ढलपीसकट निघाली. कुसू घालून बघितला तर एका ठोक्यात गेला आणि आत सूतभर डुगडुगायला लागला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सांध्याच्या मानानं ते पुष्कळ झालं.

तुळई संपली होती. नवा पाय करायचा तर तसं लाकूड शोधण्यात आठवडा गेला असता. त्याच दिवशी सकाळी एक धक्का येऊन गेला होता, आणि घासताना तिचा हात सारखा थांबत होता. मला ते बघवत नव्हतं, हे खरं. पण मला टेबल झालेलंही बघायचं होतं, हेही खरं. ती चहा आणायला गेली तेव्हा मी सागाची एक पातळ चिपाटी तासली, गोंद लावून आतल्या बाजूनं भोकात सारली, कुसू दाबला, मेख ठोकली. हलवून बघितलं. हललं नाही. बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं. दाराशी खुर्ची रिकामी होती. "चालसे," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी टेबलावर उभी होते.

दोन दिवसांनी टेम्पोनं टेबल पाड्यावर नेलं. तिचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. पुढची भिंत विटांची, मागची कुडाची, वर कौलं, अंगण इतकं स्वच्छ की मी चपला बाहेरच काढल्या. चार माणसांनी टेबल उचलून दाराशी आणलं आणि तिथं सगळे थांबले. आडवं धरलं, उभं धरलं, पाय पुढे करून बघितले, मागे करून बघितले. दार केवढं आणि टेबल केवढं. खाटेचं माप घेतलं होतं, म्हातारीच्या डोक्याचं घेतलं होतं, दाराचं कुणीच घेतलं नव्हतं. चार वर्षांत एकदा जरी मी त्या घरी चहा प्यायला आले असते तरी ते दार माझ्या डोळ्यांसमोर राहिलं असतं. आता सोडवायचं म्हटलं तर मेखा ठोकलेल्या आणि गोंद वाळलेला. मला राग आला, आणि तो नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर निघाला. "एवढं बुटकं दार कुणी ठेवतं का?" मी तिच्या नवऱ्याला म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

नवरा शांत माणूस. त्यानं टेबलाकडे बघितलं, घराकडे बघितलं. "ताई, टेबल सुटंल का?"

"नाही सुटणार."

"मंग भिंत सोडू," तो म्हणाला.

मागची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप. त्यांनी कोयत्यानं बंध कापले आणि कुडाचा मोठा तुकडा उचलून अंगणात टेकवून ठेवला. अर्धा तास लागला असेल. टेबल आत गेलं, आणि संध्याकाळच्या आत शेजारच्या बायकांनी कूड परत बांधून ओला लिंपूनही टाकला. माझे सांधे सुटत नाहीत याची मी जन्मभर बढाई मारली होती. ही माणसं राहत्या घराची भिंत सोडतात आणि परत बांधतात, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

म्हातारी हा सगळा गोंधळ खाटेवरून बघत होती. खाट टेबलाखाली सरकवल्यावर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "अंधार केलास, बाय." मी म्हटलं, "आजी, अंधार परवडला. कौलं नाही परवडत." ती नुसती बघत राहिली, आधी माझ्याकडे आणि मग वर.

त्यानंतर माझी पॉलिशवाली बदलली. काम करताना हात थांबेना. धक्का आला, पटाश्या वाजल्या, तरी ती एकदा दाराकडे बघायची आणि परत घासायला लागायची. एकदा तर गुणगुणत होती. मी स्वतःवर फार खूश होते.

आठवडाभरानं ती निरोप घेऊन आली, तोही लाजत लाजत. "सासू म्हणते, मिस्त्रीणबाईला सांग, वरून आरसा केलास तो कोणाला दाखवायला? मना दिवसभर हे खरबडीत बघायला लागतं. येऊन घासून दे म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. "जीव वाचवायला टेबल दिलं, आता त्याच्या पोटालाही पॉलिश पाहिजे? हात दिला तर कोपरच धरायचं का?" ती म्हणाली, "मी घासते म्हटलं, तर नाय म्हणते. जिनं केलं तिनंच यावं म्हणते." मी बराच वेळ बडबडले. मग जेवताना माझी नजर शेडच्या पत्र्याकडे गेली आणि मी विचार केला की उताणं पडलेल्या माणसाला काय दिसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त टेबलाचं पोट. माझं टेबल दिवसभर बघणारं एकच माणूस होतं आणि मी त्याला न केलेली बाजू दिली होती. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात, पण हे कान खाटेवरच्या म्हातारीनं टोचले.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवालीला कारखान्यात काम लावून दिलं आणि छोटा रंधा, काचपेपर घेऊन मी एकटीच गेले. दुपारची वेळ, घरात म्हातारीशिवाय कुणी नाही. "सरका," मी म्हटलं. ती काडीएवढी, जरा सरकल्यावर मलाही जागा झाली. तिच्या तोंडावर भुगा पडू नये म्हणून ओढणी पसरली आणि तिच्याशेजारी उताणी होऊन रंधा वर धरला. माझं टेबल मी पहिल्यांदाच खालून बघत होते. अगदीच वाईट दिसत होतं. रेघा, पेन्सिलीच्या खुणा, गोंदाचे ओघळ. एका कडेनं मी तासायला घेतलं. सालपटं ओढणीवर पडत होती. म्हातारी ओढणीखालून म्हणाली, "वास बरा येतो."

अर्धं पोट झालं असेल. आधी जमिनीखालून गुरगुरल्यासारखं झालं, मग खाट हलली, आणि मग सगळंच. आजवर आले होते त्यांतला तो सगळ्यात मोठा धक्का होता, ते मला लगेच कळलं. टेबलावर पहिलं कौल फुटलं. दुसरं. मग मोजता येईनात. मला पळायचं सुचलं नाही, देवाचं नाव सुचलं नाही. मला फक्त तो पाय आठवला, डोक्याकडचा उजवा, आणि आतली चिपाटी. सांधा धरून ठेवायला मी डोक्यावरून हात मागे नेला. तिथं आधीच एक हात होता. म्हातारीनं तो सांधा मुठीत घट्ट धरला होता.

वरून काहीतरी जड आदळलं. वासा होता, ते मागाहून कळलं. सगळं टेबल कण्हल्यासारखं वाजलं. माझ्या हाताखाली तिचा हात आणि तिच्या हाताखाली तो कुसू, आणि तो कुसू हलत होता. मी खोटं सांगणार नाही, मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही. मग थांबलं. कोंबड्या ओरडत होत्या आणि धुळीत काही दिसत नव्हतं. टेबल उभं होतं.

मी ओढणी बाजूला केली. म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"दिवसभर दुसरं काय बघते मी?" ती म्हणाली. "तीन कोपऱ्यांत फट नाय. इथं चिपाटी हाय. पहिल्याच दिवशी दिसली."

"मग सुनेला का नाही सांगितलं?"

"तिला सांगितलं असतं तर तिचा हात चालला असता का तुझ्याकडं? आता कुठं निवांत जाते कामाला." ती जरा खोकली. "म्हणून तुला बोलावली. खरबडीत हाय, घासून दे, असा निरोप धाडला. बाजू खरबडीत का असंना, मना काय त्याचं."

  लाज वाटली, नुसती नाही, अंगभर वाटली. बाहेर लोक हाका मारत धावत येत होते आणि मी त्या खाटेवर पडून कौलांच्या धुळीत रडत होते. "चुकलं माझं, आजी," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या बापालाही कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

"चुकलं तर नीट कर," ती म्हणाली. "मी कुठं चालले?"

कारखान्यात परत आले आणि माझ्या कामाच्या बाकाखालची सागाची जाड आडवी तुळई काढली. वडिलांनी घातलेली. तिला पटाशी लावायच्या आधी चारी बाजूंनी ठोकून बघितलं, आत खिळा नव्हता. तिचा नवा पाय केला. बाक तेव्हापासून विटांच्या आधारानं उभं आहे आणि तसंच राहणार आहे. दोन दिवसांनी पॉलिशवालीच्या नवऱ्याला मदतीला घेऊन मी मेखा कापून जुना पाय सोडवला, चिपाटी खिशात घातली आणि नवा पाय बसवला. खाट बाजूला ओढलेली होती, म्हातारी तिथून बघत होती. पहिला ठोका, दुसरा, तिसरा. कुसू बसला. "तीन," म्हातारी म्हणाली. मी तिला तीन ठोक्यांचं कधी सांगितलं नव्हतं, तिनं नुसतं मोजलं होतं. मग उरलेल्या पोटाला रंधा मारला. सुनेला आम्ही दोघींनी सांगितलं की धक्क्यानं पाय दुखावला होता, म्हणून बदलला. म्हातारी इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलली की मलाच खरं वाटलं.

उन्हाळा गेला तसे धक्के कमी झाले. म्हातारी पाऊस सरता सरता गेली, साध्या तापानं, स्वतःच्या छपराखाली, म्हणाली होती तशी. आता मी त्या घरी जायला लागले होते. दिवस झाल्यावर गेले तर खाट काढलेली होती आणि टेबलावर मुलांची दप्तरं होती. पॉलिशवाली टेबलाखाली बसून फडक्यानं पुसत होती. "ताई, जरा खाली या," ती म्हणाली. "हे बघा. पोटाला मी पॉलिश कधी लावलंच नाय. मग इथं कसं चमकतं?"

मी खाली वाकले. डोक्याकडचा उजवा पाय, नव्या मेखेभोवती, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. काळसर, गुळगुळीत, वर केलेल्या पॉलिशपेक्षा जास्त चमक. तिनं त्यावर बोट फिरवलं. तिच्या बोटांना काय कळत नाही? "हे कोणीतरी घासलंय," ती म्हणाली. "रोज."

मला वाटलं होतं की पाय बदलल्यावर विषय संपला. म्हातारीचा संपला नव्हता. सून जीपला निघून गेली की तिचं बोट त्या सांध्यावर जात असणार, रोज, सहा-सात महिने. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून, की सवय लागली म्हणून, ते आता कोण सांगणार? मी पॉलिशवालीला सगळं सांगितलं. खिळा, चिपाटी, 'चालसे', तिला का सांगितलं नाही ते, आणि त्या दिवशी माझ्याआधी त्या सांध्यावर कुणाचा हात होता ते. ती मला शिव्या देईल अशी मी तयारी ठेवली होती. तेवढा तिचा हक्क होता.

ती उठली, पिशवीतून काचपेपर काढला, मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. मग टेबलाखाली उताणी झाली. मीही तिच्याशेजारी झाले. दिवे लागेपर्यंत आम्ही ते पोट घासत होतो, सगळं त्या जागेइतकं गुळगुळीत होईस्तोवर. त्या रुपयाएवढ्या जागेला मात्र आम्ही दोघींनीही काचपेपर लावला नाही.